‘हर्पिस पॉझिटिव्ह’ सांगून १६,५०० उकळले

गुप्तरोग बरा करतो म्हणणाऱ्या एका भोंदूनं हर्पिसच्या, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणाऱ्या विषाणूच्या, नावाखाली लुटलं. आधी हिशेब. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्ततपासणी २,२००. ‘रक्तशुद्धी’ची १० इंजेक्शनं, ८५० ला एक, म्हणजे ८,५००. बिनलेबलाची पुडी ३,६००. मग ‘उतरलं का पाहू’ म्हणून तीच तपासणी परत, २,२००. एकूण १६,५००, कापसाच्या चुकाऱ्यातले. पावती फक्त लॅबची.

चीड याची येते की सगळं रिपोर्टवरच छापलेलं होतं. ‘एचएसव्ही १ + २ आयजीएम’ (हर्पिसच्या दोन्ही प्रकारच्या विषाणूंविरुद्ध रक्तात बनणारी आयजीएम नावाची प्रतिपिंडं), आकडा १.३, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘लक्षणांशी ताडून पाहावे’. ताडणार कोण? पॅन्ट सोडायला न लावताच त्या भोंदूनं रक्त काढायची चिठ्ठी लिहिली होती. तिथंच उठायला हवं होतं. पण जावं कुठं? आरोग्य केंद्रातली नर्स गावचीच, औषधवाला सोयऱ्यातला. या संकोचावरच तर यांची दुकानं चालतात.

हर्पिससाठी आयजीएम करूच नका. ती दोन प्रकार नीट वेगळे करत नाही, भलत्याच विषाणूमुळेही पॉझिटिव्ह येते, लागण नवी की जुनी तेही सांगत नाही. एक नंबरचा विषाणू, तापात ओठावर फोड आणणारा, बहुतेकांना लहानपणीच लागतो. दोन्ही एकत्र मोजले तर अर्ध्या गावाला गुप्तरोग निघेल.

खरी तपासणी फोडाची. फोड ताजा हवा, शक्यतो पहिल्या दोन दिवसांतला. तो फोडून बुडाशी काडी घासायची, विषाणूसाठीच्या द्रवात बुडवायची, थंड डब्यातून पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंश थेट शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायची. खपली धरल्यावर घेतली तर रोग असूनही निगेटिव्ह येतो. रक्तच द्यायचं तर दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी आयजीजी (दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची तपासणी), तीही लागणीच्या शंकेनंतर १२ आठवड्यांनी. दोन नंबरचा आकडा १.१ ते ३ मध्ये आला तर तो खोटा असायची शक्यता मोठी. दुसऱ्या पद्धतीनं पडताळल्याशिवाय बायकोला काही सांगू नका. लक्षणच नसेल तर उगाच तपासू नका.

आणि प्रत्येक खाज हर्पिस नसते. जांघेतलं गजकर्ण क्लोबेटासोलच्या ट्यूबनं चिघळतं. लिंगाच्या टोकावरच्या कातडीखाली पांढरं साचत असेल तर आधी शुगर पाहा. न दुखणारी जखम असेल तर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, कराच.

जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, फुकट. हर्पिसच्या फोडांना तिथं लाल किट, पाच नंबरचं: असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ७ दिवस. त्यानं फोड लवकर सुकतात, विषाणू अंगात राहतो. ‘मुळासकट काढतो’ म्हणणारा ठग समजा.

तक्रारीचं काय झालं तेही वाचा. पोलीस ठाण्यात चारचौघांत विचारलं, ‘नेमकं कुठं झालं होतं?’ वर, ‘पैसे तुमीच देल्ले ना भाऊ?’ आरोग्य कार्यालय म्हणे अन्न-औषधवाल्यांकडे जा. ते म्हणाले, पुडीवर लेबल नाही, कारवाई कोणावर करू? अहो, लेबल नाही हाच तर गुन्हा! गुप्तरोग बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत ती नंबरासकट चिकटलेली आहे, आणि साहेब लोकही तिथंच जातात.

फसला असाल तर उरलेली पुडी फेकू नका, इंजेक्शनची रिकामी बाटली मागून घ्या. रक्त देतानाच ‘रेफर्ड बाय’समोर पाठवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. आमच्या दोन्ही रिपोर्टवर तिथं ‘सेल्फ’ छापलंय.