वारा कळणारा चित्रकार: वाशीतलं शिडाच्या होड्यांचं प्रदर्शन

गेल्या रविवारी वाशीत एका छोट्या हॉलमध्ये समुद्र, किनारा आणि शिडाच्या होड्या अशा चित्रांचं प्रदर्शन होतं, तिकडे बाबांना घेऊन गेले. आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले, बाबांचं सगळं आयुष्य खाडीत गेलं, त्यामुळे होडीचं चित्र दिसलं की ते आधी चूक शोधतात आणि बहुतेक वेळा त्यांना ती लगेच सापडते.

इथे मात्र एका वॉटरकलरसमोर बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "भरती लागली हाय." मी विचारलं कशावरून, तर म्हणाले नाळी बघ, म्हणजे होड्यांची पुढची टोकं. नांगरलेली होडी पाण्याच्या ओढीकडे तोंड करून राहते, म्हणजे भरतीला तोंड समुद्राकडे आणि ओहोटी लागली की फिरून जमिनीकडे. चित्रात पाचही होड्या समुद्राकडे तोंड करून, नांगराचे दोर ताणलेले आणि काठावरचा चिखल वरच्या बाजूला सुकून फिकट पडलेला. खाडीचा चिखल पण नुसता तपकिरी नाहीये, करडा, मधेच हिरवट, आणि पाणी साचलंय तिथे आभाळाचा रंग. मी रोज जेट्टीवरून बघते तोच, पण त्यात इतके रंग आहेत हे मला त्या कागदावर दिसलं.

शिडाच्या होड्यांची चित्रं सात-आठ होती. आपल्याकडच्या जुन्या मचव्यांची डोलकाठी सरळ नसते, पुढे नाळेकडे झुकलेली असते, ती सगळीकडे बरोबर. त्रिकोणी शीड ज्या लांब तिरप्या काठीला बांधतात ती टोकाकडे वाकलेली, आणि शिडात जिथे वारा भरलाय तिथून ऊन आरपार येतंय, ते पिवळसर कापड तर मला हात लावून बघावंसं वाटलं.

सगळ्यात मोठा कॅनव्हास खांदेरीचा, 1679 सालचा. महाराजांनी बेट ताब्यात घेऊन बांधकाम काढलं आणि मुंबईचे इंग्रज अडवायला आले ती लढाई. लांब चोच काढलेली गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, बाजूला वल्ह्यांची गलबतं, आणि मोठी इंग्रजी जहाजं अनुकूल वाऱ्यासाठी खोळंबलेली असताना आपली छोटी गलबतं वल्ही मारत बेटाला सामान पोचवतायत, हे नुसतं बघून कळतं. पण इथे बाबांना चूक सापडली. एका गलबताची शिडं मागून आलेल्या वाऱ्याने पुढे फुगलीयत आणि झेंडा मात्र मागे फडफडतोय. वारा मागून असेल तर झेंडाही पुढेच जाणार ना. चित्रकार तिथेच होते, मला जरा संकोच वाटला पण बाबांनी सरळ सांगितलं, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं, फोनमध्ये फोटो काढून त्यावर खूण केली आणि म्हणाले काका, बदलतो. या एका गोष्टीसाठी माझ्या मनातला त्यांचा मान वाढला.

घ्यायचं असेल तर ओरिजिनलच घ्या. कॅनव्हास प्रिंट स्वस्त आहेत पण प्रिंटमध्ये तो चिखल निळसर झालाय, सगळी मजा गेलीय. मी भरतीवालं वॉटरकलर घेतलं, फ्रेमसकट साडेसात हजार, मला महाग नाही वाटलं. फ्रेम मात्र तपासून घ्या, माझ्या फ्रेममध्ये काच कागदाला जवळजवळ टेकलेली होती, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात अशाने बुरशी धरते, म्हणून मधे जाड माउंट घालून परत बसवून मागितली आणि ती त्यांनी एक्स्ट्रा पैसे न घेता करून दिली. साधी काच असल्यामुळे ट्यूबलाइट त्यात चमकते, तिच्या समोरच्या भिंतीवर नका लावू.

हॉलमधली लाइट फार पांढरी होती आणि चित्रं दाटीवाटीने लावलेली, एवढंच खटकलं.

ऑर्डर पण घेतात. आजोबांची शिडाची होडी इंजिनं आल्यावर विकली, तिचा एकच धूसर फोटो घरी आहे, तो दाखवला तर त्यांनी पैशांचं बोलायच्या आधी विचारलं की डोलकाठी किती झुकलेली होती आणि शीड कुठल्या रंगाचं होतं. फोटोत ते दिसत नाही. बाबांनी घरी येऊन वहीच्या पानावर पेन्सिलने डोलकाठीचा कल काढला, दोनदा खोडून परत काढला, आणि मी तो व्हॉट्सॲपवर पाठवलाय.