शेतजमिनीवर मोठा सौर प्रकल्प: भाडेपट्टा, पिकावरचे पॅनल की नकार?

गावात मोठा सौर प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की आठवड्याभरात दोन तट पडतात. काहींनी मनातल्या मनात भाड्याचा हिशेब मांडलेला असतो, काहींनी विरोधाचं निवेदन लिहायला घेतलेलं असतं. पण बरेच लोक मधे असतात, त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

समोर सहसा तीन वाटा असतात. सगळी जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, पीक चालू ठेवून त्याच्यावर किंवा मधे पॅनल बसवू द्यायचे, नाहीतर 'इथे नको, दुसरीकडे न्या' म्हणून ठाम उभं राहायचं. माझं मत आधीच सांगतो. या तिन्हींची तुलना फक्त जमीनमालकाच्या नफ्यातोट्यावर केली तर ती अर्धी राहते. त्या रानात मजुरीला जाणाऱ्या बाईचं, वाट्याने कसणाऱ्याचं, गुरं चारणाऱ्याचं नाव कागदावर कुठेच नसतं, आणि जमिनीला कुंपण पडलं की सगळ्यात आधी वाट बंद होते ती त्यांची.

पूर्ण भाडेपट्टा

एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे शंभर मेगावॉटचा प्रकल्प चार-पाचशे एकर व्यापतो. एवढ्यात एखाद्या लहान गावाचं निम्मं शिवार जाऊ शकतं.

याची जमेची बाजू खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पाऊस येवो न येवो, भाव पडो न पडो, भाडं ठरलेल्या तारखेला मिळतं आणि जमिनीची मालकी आपलीच राहते. कर्नाटकातल्या पावगडचा 2,050 मेगावॉटचा सौर पार्क याच पद्धतीने उभा राहिला. पाच गावांची सुमारे 13,000 एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. तो भाग कायम दुष्काळी, त्यामुळे मोठ्या जमीनमालकांना बसल्या जागी हमखास उत्पन्न मिळू लागलं. मात्र ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांची शेतातली रोजंदारी गेली, चराईचं रानही कुंपणाआड गेलं. बांधकाम चालू असतं तोवर हाताला काम असतं. पुढे पॅनल धुणं, गवत काढणं आणि पहारा एवढंच उरतं, आणि शेकडो एकरांच्या शेतीला जेवढे हात लागत होते तेवढे त्यात मावत नाहीत.

'पंचवीस वर्षांनी जमीन जशीच्या तशी परत' असं आश्वासन देतात. ते खरं ठरेल की नाही, हे बांधकामाच्या पहिल्या काही महिन्यांतच कळतं. पॅनलचे लोखंडी खांब थेट जमिनीत ठोकले असतील तर ते उपसून काढता येतात. सपाटीकरणासाठी बुलडोझर फिरवून वरचा थर खरवडला असेल, तर तो थर पंचवीस वर्षांत पुन्हा तयार होत नाही. ओल्या जमिनीवरून जड वाहनं गेली की माती दबून घट्ट होते आणि पाणी मुरायचं थांबतं. त्यात पॅनल म्हणजे एक उतरतं छप्परच. घराच्या पागोळ्यांखाली जशी रेघ खणली जाते, तशी पॅनलच्या खालच्या कडेला सरळ रेषेत चर पडत जाते. खाली गवताचं आच्छादन नसेल तर माती वाहून शेजाऱ्याच्या शेतात उतरते. प्रकल्पाला जमीन न दिलेल्या शेजाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते आणि ती अगदी रास्त असते.

कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. बऱ्याचदा पहिली सही भाडेपट्ट्यावर नसतेच, ती असते 'ऑप्शन' करारावर. त्यात कंपनी किरकोळ रक्कम देऊन काही वर्षं जमीन राखून ठेवते. परवानगी किंवा वीजजोडणी मिळाली तर पट्टा होतो, नाहीतर विषय तिथेच संपतो. मधल्या काळात जमीन आपली असूनही हात बांधलेले राहतात. दुसरी गोष्ट, हे प्रकल्प विकले जातात. आज समोर बसलेली कंपनी वीस वर्षांनी असेलच असं नाही. म्हणून प्रकल्प काढून जमीन मोकळी करण्याचा खर्च कोण देणार, त्यासाठी पैसे कुठे आणि कधीपासून बाजूला ठेवले जाणार, हे करारात स्पष्ट हवं. नुसतं 'कंपनी साहित्य हटवील' एवढं वाक्य पुरत नाही.

पिकावर पॅनल

कल्पना जुनी आहे, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत मांडली गेलेली. पॅनल उंच आणि विरळ लावायचे, खाली शेती चालू ठेवायची. याला अ‍ॅग्रिव्होल्टेइक म्हणतात. जर्मनीतल्या हेगेलबाख इथे पाच मीटर उंचीवर पॅनल बसवून खाली गहू, बटाटा, सेलेरी ही पिकं आणि जनावरांसाठी चारा घेऊन पाहिला. 2017 साली गहू-बटाट्याचं उत्पादन जवळपास पाचव्या हिश्शाने घटलं. 2018चा उन्हाळा कडक आणि कोरडा होता. त्या वर्षी सावलीतला बटाटा उघड्या रानातल्यापेक्षा सरस ठरला. नुसतं पीक किंवा नुसती वीज घेतली तर जमिनीची उपयुक्तता 100 टक्के धरायची; वीज आणि पीक एकत्र धरून ती पहिल्या वर्षी 160 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 186 टक्के भरली. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी हवेतल्या प्रयोगात पॅनलखाली चेरी टोमॅटोचं उत्पादन दुप्पट झालं. एका जातीच्या मिरचीचं तर तिप्पट.

म्हणजे ऊन जिथे पिकाला भाजून काढतं तिथे सावली उपकारक ठरते. मक्यासारखं उन्हाचं भुकेलं पीक असेल किंवा आभाळ मुळातच ढगाळ असेल, तर हाच प्रयोग महागात पडू शकतो. दुसऱ्याच्या शेतातला आकडा आपल्या शेताला लावू नये.

मग सगळीकडे हेच का होत नाही? कारण उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो आणि ट्रॅक्टरला जागा सोडायची तर एकरी पॅनल कमी बसतात. कंपन्यांना ते नको असतं. त्यातून 'नावाची शेती' जन्माला येते, म्हणजे वर पॅनल दाट आणि खाली दाखवण्यापुरतं पीक. काही देशांनी यावर आकडेच ठरवून टाकले. जपानने 2013 पासून परवानगी देताना उत्पादन त्या भागातल्या सरासरीच्या किमान 80 टक्के असावं अशी अट ठेवली. जर्मनीच्या मानकात 66 टक्के आहेत. फ्रान्सच्या 2024च्या नियमात 90. तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: किती टक्के उत्पादन, कोण मोजणार, आणि कमी भरलं तर काय?

पॅनलखाली मेंढ्या चारणं हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, गवतही आटोक्यात राहतं. जमीन मुळात चराऊ असेल तर मी त्याला शेती म्हणेन. बारमाही पाण्याचं भाजीपाल्याचं रान असेल तर मेंढ्या ही त्याची भरपाई होत नाही.

विरोध

विरोधातले काही मुद्दे टिकत नाहीत. पॅनलमधून घातक किरण निघतात, आजूबाजूची शेतं जळतात, यात तथ्य नाही. असे मुद्दे पुढे केले की खरे मुद्देही हास्यास्पद ठरवले जातात, आणि हे नुकसान विरोधकांचंच होतं.

'देशात अन्न कमी पडेल' हाही कच्चाच मुद्दा. ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या सौर प्रकल्पांनी देशाच्या जेमतेम 0.1 टक्के जमीन व्यापली आहे. अमेरिकेत मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इथेनॉलसाठी जातो, म्हणजे इंधनासाठी शेतजमीन वापरणं काही आज सुरू झालेलं नाही. पण 0.1 टक्के हा देशाचा हिशेब झाला. ज्या गावाचं निम्मं शिवार जाणार आहे त्या गावाला तो ऐकवण्यात अर्थ नाही.

टिकणारे मुद्दे असे: जमीन उत्तम प्रतीची आहे, पाण्याचे ओघळ आणि वहिवाटीच्या वाटा अडतात, एकाच वीज उपकेंद्राभोवती एकामागून एक प्रकल्प येत आहेत. इंग्लंडमध्ये शेतजमिनीची प्रतवारी आहे आणि तिथल्या विरोधाचा आधार बहुधा जमीन वरच्या प्रतीची आहे हाच असतो. इटलीने 2024 मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगतचे नवे पॅनल बसवायला बहुतांशी बंदी घातली, जुन्या खाणींसारख्या जागांना सवलत ठेवली. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने 2021 मध्ये काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, आपल्या हद्दीत मोठे प्रकल्प रोखण्याचा अधिकार दिला.

'पडीक जमिनीवर न्या' म्हणणं सोपं आहे. प्रकल्प चांगल्या जमिनीवर येतो कारण ती सपाट असते, रस्त्याला असते आणि मुख्य म्हणजे उपकेंद्राजवळ असते. माळरानावर न्यायचा तर लांब वीजवाहिनी लागते, आणि माळरानही रिकामं नसतं. तिथे गुरं चरतात, माळढोकासारखे पक्षी राहतात. राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या अधिवासातल्या वीजवाहिन्यांचा वाद 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत पोचला होता. छतं, कालवे, जलाशय हे पर्याय खरे आहेत. गुजरातेत 2012 मध्येच कालव्यावर एक मेगावॉटचा प्रकल्प झाला. पण वीज तिथे महाग पडते आणि शंभर मेगावॉट एका ठिकाणी सहसा मिळत नाहीत. तरी विरोध करताना पर्यायी जागेचा नकाशा हातात असला की बोलण्याला वजन येतं.

जमीन कोरडवाहू, एका पिकाची आणि तेही पावसाच्या भरवशावर असेल, तर मी भाडेपट्ट्याकडे झुकेन, मात्र मजूर आणि गुराख्यांसाठी भाड्यातला वाटा किंवा कायम काम लेखी मिळत असेल तरच. बारमाही पाण्याच्या सुपीक जमिनीवर पूर्ण भाडेपट्ट्याला मी नाहीच म्हणेन. तिथे पिकावरचे पॅनल, तेही मोजणीच्या अटीसह. तेवढं मान्य नसेल तर विरोध.

सही करण्याआधी तीन-चार वर्षं चालू असलेला एखादा प्रकल्प बघून या. जोरदार पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, कंपनीच्या गाडीतून नको. दोन रांगांमधली माती हातात घेऊन दाबून बघा, पॅनलच्या कडेखालची चर किती खोल आहे ते बघा. मग कुंपणाला वळसा घालून खालच्या शेतकऱ्याकडे जा आणि त्याच्या बांधावर काय वाहून आलंय ते विचारा.