नावासोबत कारणही कोरून देणारं दुकान

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे, मी कामगारांच्या सुरक्षेचं काम बघते. बुधवार पेठेतल्या या ट्रॉफीच्या दुकानात पहिल्यांदा गेले ते 4 मार्चच्या कार्यक्रमासाठी. (1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिन.) आता वर्षभर इथूनच घेते, दर महिन्याला थोडं थोडं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे इथे एकच नगही बनवून मिळतो. मजकूर बदलायचा म्हटलं की बऱ्याच ठिकाणी ठोक ऑर्डर मागतात. मला तर प्रत्येकावर वेगळी ओळ हवी असते. नुसतं 'सेफ्टी स्टार' लिहिलेला कप कशासाठी मिळाला, ते वर्षभराने घेणाऱ्यालाही आठवत नाही. आमच्या एका ऑपरेटरच्या स्टँडवर असं कोरलंय: 'लाइट कर्टनचा दिवा लुकलुकताना पाहिला, प्रेस थांबवली, मेंटेनन्सने तपासेपर्यंत सुरू केली नाही.' (लाइट कर्टन म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा.) त्या शिफ्टचं प्रॉडक्शन मागे पडलं होतं. तरी बक्षीस त्याच्या हातात दिलं ते त्याच्याच सुपरवायझरने, सगळ्या लाइनसमोर, त्याच आठवड्यात. मशीन थांबवलं म्हणून इथे बोलणी बसत नाहीत, हे नव्या मुलांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

हे मी इतकं धरून बसते त्याला कारण आहे. माझ्या आधीच्या कंपनीत गेटवर 'अपघाताशिवाय इतके दिवस' असा बोर्ड होता आणि ठरलेला आकडा गाठला की अख्ख्या डिपार्टमेंटला भेटवस्तू. बोट कापलेला एक मुलगा चिंधी गुंडाळून तसाच काम करत राहिला, कारण आकडा शून्यावर आला असता आणि सगळ्यांची भेट त्याच्यामुळे गेली असती. जखम चिघळल्यावर कळलं. अशा योजनांमुळे लोक दुखापत लपवतात, हा इशारा अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने 2012 मध्येच दिला होता. म्हणून आम्ही बक्षीस देतो ते निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, सांगणाऱ्याला, मशीनचं संरक्षक गार्ड सैल झाल्याचं दाखवणाऱ्याला, जिन्यावर सांडलेलं तेल पाहून तिथेच थांबून दुसऱ्यांना अडवणाऱ्याला.

तो जिन्यावरचा माणूस कंत्राटी कामगार होता. उत्तर प्रदेशचा. त्याचं आडनाव मी यादीत घाईघाईत लिहिलं होतं. दुकानातल्या काकांचा फोन आला, "ताई, हे आडनाव असंच लिहितात का? त्यांनाच एकदा विचारा ना." विचारलं, तर खरंच चुकीचं होतं. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरही तेच चुकीचं आडनाव चालत आलं होतं. अचूक नाव कोरलेला स्टँड त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच फोटो काढून गावी पाठवला. काकांचा तो एक फोन मी कधी विसरणार नाही.

आता वस्तूंबद्दल. पारदर्शक ॲक्रिलिकवर लेझरने कोरलेली अक्षरं पांढुरकी दिसतात, लांबून वाचता येत नाहीत. मागे गडद निळी पट्टी लावून मागा. पितळी पट्टीवर काळा रंग भरलेली अक्षरं सर्वांत ठसठशीत, लाकडी पाटीवर बसवून मिळतात. रिबिनीची मेडल्स मी घेत नाही. लेथ किंवा ड्रिलजवळ गळ्यात काही लोंबकळलेलं नको, मग ते बक्षीस का असेना. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून खिशावर शिवायची भरतकामाची पट्टी करून दिली. पोरं ती रोज मिरवतात.

तक्रार एकच: छापील स्टिकर लावलेले स्वस्त स्टँड घेऊ नका. आमच्याकडच्या तेलकट हातांनी अक्षरं पुसट होतात, आणि बदलून द्यायला दुकान का कू करतं. जीएसटीचं बिल मात्र जागेवर मिळतं.

मार्चसाठी ऑर्डर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत द्या. त्यानंतर चाकण, रांजणगाव, भोसरी, सगळीकडची गर्दी एकदम येते आणि अक्षरं तपासायला काकांना वेळ उरत नाही. नावं देवनागरीत टाइप करून पाठवा, आणि त्याआधी ज्याचं नाव आहे त्याला दाखवून घ्या.