मल्टी-लेन सर्कलवर फोनमधलं नेव्हिगेशन: एक्झिट मोजायला पक्कं, लेन सांगायला कच्चं

वाट शोधणं आणि ट्रॅफिक दाखवणं यात नेव्हिगेशन अ‍ॅप्स सरस आहेत, त्यावर वाद नाही. हा रिव्ह्यू फक्त दोन-तीन लेनच्या मोठ्या सर्कलवर ती किती साथ देतात एवढ्यापुरता आहे. वर्णन रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्यांसाठी: वाहतूक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि आत शिरण्याआधी उजवीकडून येणाऱ्यांना जाऊ द्यायचं.

एक्झिट मोजण्याचं काम अ‍ॅप चोख करतं, ५ पैकी ४ गुण. पाच-सहा रस्ते फुटणाऱ्या अनोळखी सर्कलवर "तिसरी एक्झिट घ्या" हे ऐकू येणं मोठा आधार असतो. फक्त त्याची मोजायची पद्धत माहीत हवी. ज्या रस्त्याने बाहेर पडता येतं तोच मोजला जातो. नुसती आत येणारी वाहतूक असलेला वन-वे रस्ता मोजणीत धरत नाहीत, उलट नकाशात काढलेला एखादा सर्व्हिस रोड धरला जातो. डोळ्यांनी मोजलेला आकडा आणि अ‍ॅपचा आकडा जुळला नाही तर कारण बहुतेक वेळा हेच. अशा वेळी स्क्रीनवरचं रस्त्याचं नाव आणि समोरची पाटी यांवर विसंबावं.

खरी गोची लेनची आहे, आणि तिथे २ गुणही हात सैल सोडून दिलेत. एक्झिटचा आकडा कुठून बाहेर पडायचं ते सांगतो. लेन मात्र ती एक्झिट कोणत्या दिशेला आहे यावर ठरते. चार रस्त्यांच्या सर्कलवर दुसरी एक्झिट म्हणजे सरळ. तीन रस्त्यांच्या टी-आकाराच्या सर्कलवर मधल्या दांड्यावरून आलात तर तीच दुसरी एक्झिट म्हणजे उजवीकडे, म्हणजे आतली लेन. आवाज दोन्ही ठिकाणी एकच वाक्य बोलतो. म्हणून शिरण्याआधी स्क्रीनवरच्या बाणाचा आकार एकदा पाहून घ्या. सर्कलला घड्याळाची तबकडी समजा: तुम्ही सहाच्या जागी, बरोबर समोर बारा. एक्झिट बाराच्या काट्याआधी असेल तर डावी लेन आणि डावा इंडिकेटर. साधारण समोर असेल तर बहुधा डावी लेन, शिरताना इंडिकेटर नाही. बाराच्या पुढे किंवा यू-टर्न असेल तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर. सरळ आणि उजवीकडे जाताना आपल्या आधीची एक्झिट मागे पडली की डावा इंडिकेटर द्यायचा. रस्त्यावर रंगवलेले बाण वेगळं सांगत असतील तर बाणच खरे.

काही अ‍ॅप्स लेनचे छोटे बाण दाखवतात, पण नकाशात ती माहिती कोणीतरी भरलेली असेल तरच. शिवाय तुम्ही आत्ता कोणत्या लेनमध्ये आहात हे फोनला कळत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटरची असते आणि एक लेन जेमतेम साडेतीन मीटर रुंद. त्यामुळे तुम्ही चुकीच्या लेनमध्ये असलात तरी अ‍ॅप शांत बसतं. डाव्या लेनमधून तिसऱ्या एक्झिटकडे निघालेला चालक आणि आतल्या लेनमधून दुसऱ्या एक्झिटला बाहेर पडणारा चालक नेमके एकमेकांसमोर येतात ते यातूनच. मल्टी-लेन सर्कलवर सर्वात जास्त सांभाळायची जागा हीच. आत शिरतानाही सर्व लेन मोकळ्या आहेत का ते बघा. उजवीकडून आतल्या लेनने येणारी गाडी आतच राहील असं गृहीत धरू नका, ती तुमच्यासमोरूनच बाहेर पडू शकते.

सूचनेच्या वेळेला ३ गुण. ताशी ५० च्या वेगाने शेवटचे १०० मीटर सात सेकंदांत संपतात, आणि लेन त्याआधीच ठरलेली हवी. आत तर हिशोब आणखी घट्ट. २० मीटर त्रिज्येवर ताशी ३० ने फिरताना पाव वर्तुळ चार सेकंदांहून कमी वेळात होतं. फोन जागा ताजी करतो साधारण सेकंदाला एकदा, आणि वाक्य बोलायलाच दोन-तीन सेकंद जातात. आत शिरल्यावर आवाजाची वाट बघत बसणं म्हणजे एक्झिट हुकवणं.

हुकलीच तर? आडवं कापू नका, अजून एक फेरी मारा. वर सांगितलेल्या वेगाने पूर्ण फेरी पंधरा सेकंदांची. मात्र टर्बो राउंडअबाउटवर ही सोय नसते. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये निघालेल्या या रचनेत लेन सर्पिलासारख्या बाहेर जातात आणि मध्ये उंचवट्याचे दुभाजक असू शकतात. तिथे लेन जिथे नेईल तिथे मुकाट्याने बाहेर पडायचं, मार्ग अ‍ॅप नव्याने आखून देईल.

दोन ठिकाणी अ‍ॅप सपशेल फसतं. फ्लायओव्हरखालच्या सर्कलवर त्याला वाटतं तुम्ही वरून चाललाय, आणि सूचनाच येत नाही. दुसरं, नकाशात त्या चौकाची नोंद सर्कल म्हणून नसेल तर एक्झिटचा आकडा गायब होतो आणि "किंचित डावीकडे, मग उजवीकडे" असला गोंधळ ऐकू येतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या, लोकांनीच भरलेल्या नकाशावर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे कोणालाही दुरुस्त करता येतं: त्या गोल रस्त्याला "जंक्शन=राउंडअबाउट" ही खूण आणि लेनसाठी "टर्न:लेन्स" भरायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या प्रत्येक गाडीला त्याचा उपयोग होतो.

वापरायचंच तर असं वापरा. निघण्याआधी सूचनांची यादी उघडून मार्गातली मोठी सर्कल्स सॅटेलाइट दृश्यात बघा. लेनचे बाण बहुतेकदा स्पष्ट दिसतात. नकाशा गाडीच्या दिशेने फिरणारा ठेवा, उत्तर वर असलेला नको, नाहीतर "बाराचा काटा" डोक्यात उलटापालटा होतो. सर्कलमध्ये असताना स्क्रीनकडे बघणं बंद. शेजारी ट्रेलर असेल तर त्याच्या बरोबरीने फिरू नका, मागे राहा. वळताना त्याची मागची चाकं आत कापतात आणि त्याला दोन्ही लेन लागतात. अ‍ॅपला त्याचा पत्ताही नसतो.

आणखी एक खोड बऱ्याच अ‍ॅप्सना आहे. एक्झिट घेताच ती पुढची सूचना बडबडायला लागतात, आणि अनेक सर्कल्सवर नेमका तिथेच, बाहेर पडल्यावर एक-दोन गाड्यांच्या अंतरावर झेब्रा क्रॉसिंग असतं. ती सूचना कानाआड करा, पाय ब्रेकजवळ ठेवा.