प्लँटॉवर पीएमएस ५००३ : अनेक देशांच्या संयुक्त प्रकल्पात हा धूळमापक कितपत चालतो?

हवेतले सूक्ष्म कण मोजणारे स्वस्त जाळे उभारायचे ठरले की बहुतेक गटांच्या यादीत पहिले नाव या सेन्सरचे येते. ५० बाय ३८ बाय २१ मिलिमीटरची डबी, आत पंखा, लेसर आणि विखुरलेला प्रकाश टिपणारा डायोड. धूर कधी आला, कधी ओसरला, एका चौकापेक्षा दुसऱ्या चौकात किती जास्त, असल्या प्रश्नांना ही डबी चोख उत्तर देते. मात्र तीन-चार देशांतल्या गटांनी मिळून एकच तक्ता करायचा असेल, तर कुठला आकडा साठवायचा हे पहिल्या बैठकीत ठरवून लिहून ठेवावे लागते. ते राहिले की पुढचे सगळे विश्लेषण वाकडे जाते.

कारण सेन्सर पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, एक नव्हे, दोन आकडे देतो. एक ‘सीएफ १’, म्हणजे कारखान्यातल्या प्रमाणित कणांसाठीचा, दुसरा ‘ॲटमॉस्फेरिक’, म्हणजे बाहेरच्या हवेसाठीचा. साधारण ३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत दोन्ही सारखेच असतात, म्हणून स्वच्छ हवेत चाचणी घेणाऱ्याला फरक दिसतच नाही. हवा बिघडली की ते फाकत जातात आणि सीएफ १ दुसऱ्याच्या जवळपास दीडपट होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे दुरुस्तीचे सूत्र सीएफ १ वर चालते : आकड्याला ०.५२४ ने गुणा, टक्क्यांतली सापेक्ष आर्द्रता गुणिले ०.०८६२ वजा करा, ५.७५ मिळवा. सीएफ १ शंभर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर उत्तर ५३. त्याच क्षणी ॲटमॉस्फेरिक रकान्यात साधारण ६६ असतात. ते चुकून सूत्रात घातले तर उत्तर ३५. हवा तीच, डबी तीच, आणि दोन देशांच्या आकड्यांत १८ मायक्रोग्रॅमची तफावत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मार्गदर्शक पातळीच १५ आहे, यावरून चुकीचा आकार कळावा.

शिवाय हे सूत्र सरसकट उचलण्यासारखे नाही. ते अमेरिकेतल्या हवेवर, पर्पलएअर कंपनीच्या, असेच सेन्सर बसवलेल्या यंत्रांवरून बसवले आहे आणि त्यातली आर्द्रता यंत्राच्या खोक्यातली आहे. खोके आतून गरम असते, त्यामुळे तिथली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा कमी दिसते. जोडीदार गटाने जवळच्या हवामान केंद्राची आर्द्रता वापरली तर सूत्र बिघडले. बांधकामाची धूळ, लाकडाचा धूर, समुद्रकाठचे खारे कण हे प्रकाश सारखा विखुरत नाहीत, म्हणून प्रत्येक शहरात गुणक नव्याने काढावाच लागतो.

आर्द्रतेचा त्रास वेगळाच. या सेन्सरला हवा सुकवणारा हीटर नाही. आर्द्रता बरीच चढली की कण पाणी धरून फुगतात आणि रीडिंग विनाकारण वाढते. धुके आणि प्रदूषण त्याला वेगळे कळत नाही.

पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रकाना मात्र शोधनिबंधात वापरूच नये. जाड कण इतक्या छोट्या पंख्याच्या झोताने नीट आत येत नाहीत, आणि आले तरी नीट मोजले जात नाहीत. तो आकडा मुख्यत्वे बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. खोदकामाची किंवा रस्त्याची धूळ हाच विषय असेल तर दुसरे यंत्र घ्या.

जोडणी सोपी आहे, पण आठ तारांची पट्टी बारीक, १.२५ मिलिमीटर अंतराची. पुरवठा ५ व्होल्ट आणि संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे ईएसपी ३२ हा छोटा नियंत्रक-बोर्ड थेट चालतो. ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनो बोर्डाला मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवाच. सातवी आणि आठवी पिन मोकळी सोडायची. धातूचे आवरण आतून ग्राउंडला जोडलेले असते, ते दुसऱ्या सर्किटला टेकू देऊ नये. पुरवठा साडेचार व्होल्टच्या खाली गेला की पंख्याच्या गतीचा भरवसा उरत नाही आणि रीडिंग ‘स्वच्छ’ दिसू शकते. लांब, बारीक यूएसबी केबलवर हे हमखास होते. ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, ३२ बाइटांचा संदेश येतो, त्यातले शेवटचे दोन बाइट चेकसमचे, म्हणजे संदेश बिनचूक आला का ते पडताळणाऱ्या बेरजेचे. चेकसम न तपासणारा कोड अधूनमधून अचाट आकडे साठवतो आणि मग लोक त्यांनाच ‘प्रदूषणाचा झटका’ म्हणतात. झोपेतून उठवल्यावर पहिले ३० सेकंद टाकून द्यायचे.

खोक्यात हवा आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड यांच्यात पडदी हवी, नाहीतर डबी स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढते. तोंड खाली, जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर. बारीक जाळी लावा, कोळ्यांना ही जागा फार आवडते.

खरेदी सगळ्या देशांनी मिळून एकाच लॉटची करावी. डेटाशीट १०० मायक्रोग्रॅमपर्यंत अधिक-उणे १० ची सूट देते, म्हणजे १५ ऐवजी २५ दाखवणारी डबीही नियमात बसते. म्हणून वाटपाआधी सगळ्या डब्या एकाच छपराखाली दोन आठवडे शेजारी-शेजारी चालवून घ्याव्यात, प्रत्येक देशात पोहोचल्यावर संदर्भ यंत्राजवळ, म्हणजे अचूक प्रमाणित मापकाजवळ, पुन्हा, आणि प्रकल्प संपताना तिसऱ्यांदा. ही तिसरी तपासणी निधी संपला म्हणून गाळली जाते. नेमकी तीच गाळली की लेसर मंदावला की हवा सुधारली, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक खोक्यात दोन डब्या बसवल्या तर बिघाड त्याच दिवशी पकडता येतो.

वेळ सगळीकडे यूटीसीमध्येच, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, नोंदवा. तासाची सरासरी तासाच्या सुरुवातीला लिहायची की शेवटी, हेही ठरवून घ्या. संदर्भ यंत्र शेवटी लिहीत असेल आणि तुमचा सर्व्हर सुरुवातीला, तर तुलना एक तास सरकते आणि दोष सेन्सरला मिळतो. कच्चे आकडे, म्हणजे ०.३ मायक्रॉनपासूनची कणसंख्यासुद्धा, जपून ठेवा. दुरुस्ती नंतर कधीही करता येते.

पाठवणीबद्दल दोन गोष्टी. सुटे लिथियम-आयन सेल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत, तेव्हा बॅटऱ्या ज्याने त्याने आपल्या देशात घ्याव्यात. आणि लोरा ही दूरवर थोडा डेटा पाठवणारी रेडिओ पद्धत वापरणार असाल तर युरोपात ८६८, अमेरिकेत ९१५ आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ असा फरक आहे. मॉड्यूल, अँटेना आणि फर्मवेअर देशानुसार वेगळे मागवा, खोक्यावर तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा ठळक लिहा.