शिळी भाकर, ताक आणि जवसाची चटणी : आर्णीतली एक खानावळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत काकूंची खानावळ आहे. पाटी नाही, कुणालाही विचारा. दुपारची थाळी 80 रुपयांना मिळते आणि बरी असते. पण खरं जायचं ते सकाळी. रात्रीची ज्वारीची भाकर, ताजं ताक, जवसाची चटणी, फोडलेला कांदा. 30 रुपयांत पोट भरतं.

माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की लोक साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागतात, वर ‘इम्युनिटी वाढवायचं काही द्या’ म्हणतात. सर्दी विषाणूंची, तिथं अँटिबायोटिक काय करणार? मरतात ते आतड्यातले उपयोगी जंतू. अशा गिऱ्हाइकांना मी काकूंचा पत्ता देतो.

आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींना बहुतेक ऊर्जा ब्युटिरेटच पुरवतं. 2013 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की हे पदार्थ नियामक टी पेशी वाढवतात. या पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालतात. म्हणून नुसतं ‘वाढवा’ म्हणून भागत नाही. दम्यात, आमवातात ती आधीच नको तिथं भडकलेली असते.

आता काकूंची भाकर बघा. ज्वारीचा कोंडा त्यात असतोच. शिवाय भाकर थंड झाली की तिच्यातला थोडा स्टार्च लहान आतड्यात पचेनासा होतो आणि थेट खालच्या जंतूंच्या वाट्याला येतो. जवस आणि कांदा हेही त्यांचंच खाणं. प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जंतूंची, कॅप्सूल मी स्वतः विकतो, पण तिच्यातून हा चोथा मिळत नाही.

ताकाची गोष्ट वेगळी. काकू हात धुऊन तापवलेल्या दुधात करंगळी बुडवतात, क्षणभर थांबतात, मगच विरजण घालतात. मला म्हणाल्या, “चटका बसला तर थांबायचं भाऊ, नाहीतर विरजण मरते.” अगदी बरोबर. 2021 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात 36 निरोगी माणसं होती; त्यातल्या ज्यांना 10 आठवडे दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ दिले, त्यांच्या आतड्यातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. आपलं ताक त्यात तपासलेलं नव्हतं, पण जात तीच. दुपारच्या थाळीतली कढी चवीला झकास. फक्त उकळल्यावर तिच्यात जिवंत जंतू उरत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

तक्रारी दोन. चटणीत मीठ जास्त असतं, बीपीवाल्यांनी कमीच घ्यावी. आणि उन्हाळ्यात अकरानंतर ताक फार आंबट होतं. काकूंनी माठ सावलीत हलवायला हवा, मी त्यांना सांगितलंही आहे. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा किडनी बसवलेल्यांनी बाहेरचं ताक डॉक्टरांना विचारूनच प्यावं.

बाजाराच्या दिवशी शिळी भाकर नऊलाच संपते. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं तर काकू दोन जास्तीच्या थापतात.