भटजी नाही, भंतेजी नाही: नागपुरातल्या लग्न लावून देणाऱ्या ताईंचा रिव्ह्यू

भाचीच्या लग्नात मामाला कामं दोनच, नवरीला मांडवात आणणं आणि हिशोब ठेवणं. पहिलं पाच मिनिटांत होते, दुसरं लग्नानंतरही महिनाभर चालते, त्यामुळे कोणी किती घेतले आणि त्या बदल्यात काय दिलं हे सगळं माझ्या डायरीत आहे. कॅटरर, डेकोरेशन, फोटोवाले यांचे रिव्ह्यू ढिगानं पडलेत, पण लग्न लावून देणाऱ्या बाईचा मला कुठंच सापडला नाही म्हणून हा लिहितो. नाव टाकत नाही, कारण त्या सध्या फक्त ओळखीतूनच कामं घेतात. कार्डवर 'वेडिंग सेलिब्रंट' छापलंय, आमच्या घरी सगळे 'लग्नवाल्या ताई' म्हणायचे.

भानगड अशी होती की मुलगी आमची कुणबी, मुलगा बौद्ध, घरचे दोन्हीकडचे राजी (साक्षगंधापर्यंत यायला काय काय झालं ते जाऊ द्या). अडलं कुठं तर लग्न लावायचं कोणी. माझ्या आईला अंतरपाट आणि मंगलाष्टकं पाहिजेच, मुलाच्या आजोबांचं म्हणणं त्रिशरण-पंचशील झाल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही, आणि पोट्ट्यांचं म्हणणं की आम्हाला ज्याचा अर्थ कळत नाही असं काहीच नको. मग भाचीच्या मैत्रिणीकडून या ताईंचा नंबर आला. आधी शाळेत मराठी शिकवायच्या, सोबत कार्यक्रमांचं निवेदन करायच्या, आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच, आणि हा पहिलाच सीझन. पहिलाच सीझन म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठ्या पडल्याच.

पहिल्या भेटीत मी विचारलं, तुमच्या पॅकेजमध्ये काय काय येते. तर बाई आधी आपल्याला काय जमत नाही ते सांगायला बसल्या. म्हणाल्या, "दादा, मी समारंभ चालवते. कायद्यानं यांना नवरा-बायको करायचा अधिकार मला नाही, ते काम विवाह अधिकाऱ्याचं." आणि स्पेशल मॅरेज ॲक्ट, 1954 ची, म्हणजे विवाह अधिकाऱ्यासमोर ऑफिसात होणाऱ्या लग्नाची, नोटीस दिल्याची पावती दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स घेणार नाही म्हणाल्या. पैसे घ्यायला नाही म्हणणारा माणूस लग्नाच्या धंद्यात मी पहिल्यांदा पाहिला.

यावर आमच्या भाऊजींचं सुरू झालं, की काऊन एवढा खटाटोप, बौद्ध तर हिंदू मॅरेज ॲक्टमध्ये येतातच, लग्न लावू आणि मागून झोन ऑफिसात नोंदवून टाकू. येतात हे खरं आहे. पण 1955 च्या त्या कायद्यात लग्न दोघांपैकी कोणाच्या तरी रूढीप्रमाणं, विधीप्रमाणं लागायला पाहिजे, आणि 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटनं लग्न होत नाही. थोडं याचं थोडं त्याचं घेऊन आपण जो समारंभ रचणार तो उद्या कोणी कोर्टात नेला तर रूढी म्हणून टिकेल का? ताई म्हणाल्या, मला असा धोका तुमच्या लेकीच्या डोक्यावर ठेवायचा नाही. शिवाय महानगरपालिकेच्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते, ती मी करत नाही, मी पुरोहित नाही. भाऊजी गप्प. मलाही तिथंच त्यांच्यावर भरवसा बसला.

तर ज्यांना ही स्पेशल मॅरेज ॲक्टवाली पद्धत करायची त्यांच्यासाठी: दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी निदान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे, नोटीस लागल्यावर 30 दिवस आक्षेपांसाठी थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुन्हा नवी नोटीस. साक्षीदार तीन. आमचं हे ऑफिसातलं लग्न गुरुवारी सकाळी झालं, लॉनवरचं रविवारी संध्याकाळी. माझा पुतण्या मेलबर्नला असतो, तो सांगे की तिकडे 1973 पासून सरकारच अशा लोकांना अधिकार देते, त्यांचा वेगळा कोर्स असतो, महिनाभर आधीची नोटीसही तेच घेतात आणि त्यांनी लावलेलं लग्न कायद्यानं पक्कं. इंग्लंडमध्ये मात्र स्वतंत्र सेलिब्रंटनं लावलेल्याला कायद्यात किंमत नाही, रजिस्ट्रारकडे वेगळं जावंच लागते. म्हणजे आपली गत इंग्लंडवाल्यांसारखी, फक्त आपल्याकडे हे अजून कोणाला माहीत नाही म्हणून फसायला वाव जास्त.

आता कामाचं. पहिले त्यांनी एक गूगल फॉर्म पाठवला, तो आमच्या आईनं आणि तिकडच्या आजोबांनी अर्थातच भरला नाही. मग स्वतः दोन्ही घरी गेल्या, मनीषनगरला बहिणीकडे आणि इंदोऱ्याला व्याह्यांकडे. आजोबांजवळ दुपारभर बसल्या. ते 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून होते, ते सगळं त्यांनी सांगितलं आणि शेवटी स्वतःच म्हणाले, अंतरपाट धरा जी, मला काय त्याचं, पण सुरुवात बुद्धवंदनेनं होऊ द्या. जे काम आम्ही दोन्हीकडचे मिळून साक्षगंधापासून करून रायलो होतो ते असं झालं. भटजीशिवाय लग्न हे नागपूरला नवीन नाहीच म्हणा, 56 नंतर कितीतरी वस्त्यांत तसंच लागते, आणि त्याच्याही आधी 1873 पासून सत्यशोधक पद्धत आहेच.

रविवारी काय झालं: पहिले मुलाकडच्या बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, ताई तेव्हा स्टेजच्या खाली उभ्या. मग अंतरपाट, धरायला दोघी विहिणी. मंगलाष्टकं मराठीत, ताईंनीच लिहिलेली, आणि ती नवरा-नवरीनं एकमेकांना म्हणायची. ही युक्ती मुळात जोतिराव फुल्यांची, त्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या, आईसाठी मात्र एका वाटीत तांदूळ ठेवले होते, तेही ताईंनीच लक्षात ठेवून. मग शपथ. नवरदेवाचं पाठ होतं तरी दुसऱ्याच वाक्याला आवाज बसला. आपल्याकडचा कोणीही निवेदक लगेच पुढचे शब्द सांगतो, या बाईनं माईक खाली घेतला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. इतका वेळ की साउंडवाल्याला वाटलं माईक गेला, तो वायर हलवायला लागला. मग पोरगा बोलला, आणि जे लिहून दिलं होतं त्यापेक्षा बरंच बोलला. माझी बहीण रडली, व्याही रडले, कॅटररचा पोरगा वाढायचं सोडून बघत होता.

तक्रारी पण आहेत. एक, दोघांची प्रेमकहाणी सांगताना लांबवलं, आणि त्यात कॉलेज बुडवून अंबाझरीला जायचे हेही सांगून टाकलं, जे भाऊजींना तोवर माहीत नव्हतं. स्क्रिप्ट आधी दाखवतात पण फक्त नवरा-नवरीला. घरच्या एका मोठ्या माणसालाही दाखवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन, गुरुवारीच कायद्यानं लग्न झालंय हे स्टेजवरून जाहीर केलं, त्यावर आमची एक मावशी म्हणे, "मग आज काय नुसतं जेवाले बोलावलं का?" हे सांगणं खरं म्हणून बरोबर असलं तरी शेवटी सांगता आलं असतं. तीन, बदली माणूस नाही. विचारलं, तुम्ही आजारी पडल्या तर? म्हणाल्या, सध्या एकटीच आहे. प्रामाणिक उत्तर आहे पण मे महिन्यातलं नागपूर लक्षात घेता पोटात गोळा येतो. आणि बोलणं थोडं पुणेरी वाटते, हे मुलाकडच्यांचं मत, माझं नाही.

माझ्या बायकोनं त्यांना बाजूला घेऊन विचारलंच, हे शिकायचं कुठं. आपल्याकडे याचं लायसन वगैरे काही नसते. पुण्याला ज्ञान प्रबोधिनी बायकांनाही पौरोहित्य शिकवते, पण ते संस्कारांचं. यातलं बाकी सगळं, म्हणजे ऐकून घेणं, लिहिणं, घरच्यांची भांडणं सोडवणं आणि माईकवर न घाबरणं, हे आपलं आपणच शिकायचं. कमाईचं त्या मोकळेपणानं बोलल्या. चातुर्मासात लग्नं नाहीत, ते महिने नामकरण आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसांवर काढायचे, आणि हातात वर्षभराचा खर्च असल्याशिवाय नोकरी सोडू नका. बायको अजून विचारच करून रायली.

पैसे: डीजेवाल्याला दिले त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात दोन्ही घरच्या भेटी, लेखन, आदल्या दिवशीची लॉनवरची तालीम, आणि नंतर छापलेली स्क्रिप्ट. साउंड त्यात नाही, कॉर्डलेस माईक दोन लागतात, ते लॉनवाल्याकडून आधीच कबूल करून घ्या. आणि डायरीतली खरी गोष्ट ही की त्यांची फी मला पडलीच नाही. मुहूर्त बघायचा नव्हता, म्हणून बिनतिथीचा रविवार धरला, त्या दिवशी वर्धा रोडवरची लॉनं रिकामी असतात. लॉनवाला तारीख ऐकून म्हणे, साहेब, त्या दिवशी तिथी नाही जी. म्हटलं माहीत आहे बाप्पा, तू रेट सांग.